वर कळवतो

"मामा, तिकडे काही नाहीये," भाचीने तिसऱ्यांदा सांगितलं. "त्यापेक्षा बॅन्फला जाऊ. डोंगर आहेत, तळी आहेत."

आता मी पडलो लातूरचा. 'तिकडे काही नाही' हे वाक्य पुण्याच्या पाहुण्यांकडून आमच्या गावाबद्दल मी आयुष्यभर ऐकत आलोय. त्यामुळे ज्या गावाबद्दल ते उच्चारलं जातं, त्या गावाशी माझी सोयरीक आपोआप जुळते. शिवाय बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर बत्तीस वर्षं काढलेला माणूस. डोंगर-तळी तारण ठेवता येत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे बघायची नजरच तयार झालेली नाही. मला शेत बघायचं होतं. आपल्याकडे जिथून मसूर येतो, मिसळीत आणि रगड्यात पडणारा पांढरा वाटाणा येतो, ते शेत.

ही २०१८च्या जुलैतली गोष्ट. ताई आणि मी कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतात, रिजायना शहरी तिच्या लेकीकडे गेलो होतो. हा प्रांत महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आणि माणसं बारा लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या एकट्या लातूर जिल्ह्याच्या निम्मी. त्याच्या चारही सीमा पट्टी ठेवून आखलेल्या. मधे नदी आडवी आली, डोंगर आडवा आला, अशी भानगडच नाही. नकाशा काढणाऱ्याला त्या दिवशी घरी लवकर जायचं असावं.

शेवटी अगदी दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेलगतच्या व्हॅल मरी नावाच्या खेड्यात जायचं ठरलं. लोकसंख्या सव्वाशेच्या आसपास. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच बोलणारी मंडळी इथे वस्तीला आली, त्यांनी मेरीमातेच्या नावाने गाव वसवलं. मेरीची दरी. ताईने एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मरीआईचं गाव म्हण की. रिकाम्या हाताने जायचं नाही." आणि तिने मसुराची आमटी केली, पोळ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली.

"आई, चारच तासांचा रस्ता आहे," भाची म्हणाली.

"चार तासांनी भूकच लागते," ताई म्हणाली.

रस्त्याचं वर्णन करायला मला फारसं डोकं लढवावं लागणार नाही. तो सरळ आहे. स्विफ्ट करंटपर्यंत पश्चिमेला सरळ, मग डावीकडे वळून दक्षिणेला सरळ. इकडच्या लोकांचा एक जुना विनोद आहे की आमच्याकडे कुत्रा पळून गेला तर तीन दिवस दिसत राहतो. मी तो ऐकून हसलो होतो. दोन तास गाडीत बसल्यावर तो विनोद नसून माहिती आहे असं वाटायला लागलं. वाटेत कॅडिलॅक नावाचं खेडं लागलं. याच प्रांतात एका गावाचं नाव कोपर आहे आणि एकाचं भुवई. ताईने एवढ्यावर ठरवून टाकलं की हे नाव ठेवणारे आणि आपल्याकडे हडपसर ठेवणारे एकाच घरातले असणार.

सरळ रस्त्यालाही खोड असते. गावाकडच्या एखाद्या खडीच्या रस्त्याला लागावं, नांगराच्या तासासारखा तो सरळ जात असतो, आणि मधेच, काही कारण नसताना, झटकन बाजूला सरकून पुन्हा सरळ जायला लागतो. तिथे ओढा नसतो, देऊळ नसतं, आमदाराचं शेतही नसतं. मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, पृथ्वी गोल आहे ना, म्हणून." मला वाटलं, थट्टा करतेय.

पण ते खरं निघालं. हा सगळा मुलूख १८७१पासून चौकोनांत मोजला गेला. सहा मैल बाय सहा मैलांची एक चौकट, तिला टाउनशिप म्हणायचं. तिच्यात एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे. तुकड्याचे चार भाग केले की एकेक १६० एकरांचा. आता उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ सरकत जातात, आणि चौकोन तर चौकोनच ठेवायचा हट्ट. मग दर चोवीस मैलांवर हिशेब जुळवायला रस्ता बाजूला सरकवायचा. आमच्या बँकेत वर्षाअखेरीला ताळेबंद जुळेना की जो प्रकार चालायचा, तोच इथे जमिनीवर केलेला.

तुकड्यांचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात. एक ते सहा पश्चिमेकडे, मग वरच्या ओळीत सात ते बारा उलटे पूर्वेकडे, असं करत छत्तीसपर्यंत. धुऱ्याशी पोचल्यावर औत उलटं फिरवावं तसं. हे पाहिलं आणि मला त्या मोजणीदाराबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. दोन चौकोनांमध्ये रस्त्यासाठी सहासष्ट फूट जागा सोडलेली. सहासष्ट फूट म्हणजे एक साखळी, आणि आपला गुंठा तेहतीस बाय तेहतीस फूट. म्हणजे तोच इंग्रज, तीच साखळी. आमच्याकडे त्याने गुंठे मोजले, इथे मैल मोजले. आणि सहासष्ट फुटांचा रस्ता मधे असल्यावर बांध कोरायचा कुणी आणि कुठे? बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले माझे निम्मे कर्जदार इथे बेकार झाले असते.

१८७२च्या कायद्याने असा १६० एकरांचा तुकडा दहा डॉलर फी भरून मिळायचा. अट एवढीच, की तीन वर्षं राहा, घर बांधा, जमीन मोडा. मी कर्जवाला माणूस, कागद मागे मागे वाचत जायची सवय. आधीच्या मालकाचं नाव काय? तर १८७४चा एक करार आहे, चार नंबरचा. त्यावर क्री, सोतो आणि असिनिबॉइन लोकांच्या प्रमुखांच्या खुणा आहेत. अशा कागदांवरचे अंगठे मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे पुढचं कुणी सांगायची गरज पडली नाही.

गावाजवळ येताना एक घोटाळा झाला. समोरून अर्ध्या तासाने एक ट्रक आला आणि चालकाने स्टिअरिंगवरची तर्जनी जराशी उचलली. ताई चमकली. "ओळखीचा आहे का गं?"

"नाही आई. इथे सगळेच करतात."

"सगळे म्हणजे?"

"जो येईल तो."

पुढच्या ट्रकला मी तयारीत बसलो. पण माझं लातूरचं वळण. नमस्कार करायचा तर हात पूर्ण वर, जमलं तर दोन्ही. मी खिडकीतून हात काढून दणदणीत हलवला. ट्रक करकचून थांबला, मागे आला, आणि लाल टोपीवाल्या गृहस्थांनी काच खाली करून विचारलं, "काय बिघडलंय? हवा गेली का?" मी 'नमस्कार करत होतो' हे सांगेपर्यंत ते खाली उतरून आमची चारही चाकं तपासून आले होते. एक बोट म्हणजे राम राम, पूर्ण हात म्हणजे संकट, हे मला तेव्हा कळलं. मधली पायरी नाही.

व्हॅल मरी हे गाव बघायला मला अकरा मिनिटं लागली, तीसुद्धा ताईची चप्पल तुटली म्हणून. पण त्या अकरा मिनिटांत बरंच काही आहे. जुन्या शाळेची विटांची इमारत आहे, तिच्यात पुस्तकं आणि संग्रहालय. नन लोकांचं जुनं कॉन्व्हेंट आहे, तिथे पुढे पाहुण्यांची सोय झाली. ब्रायन ट्रॉटिए हा आइस हॉकीतला मोठा खेळाडू १९५६ साली इथे जन्मला. त्याने खेळाडू म्हणून सहा वेळा स्टॅनली कप जिंकला. सव्वाशे माणसांमागे सहा कप हे प्रमाण लावलं तर लातूरच्या वाट्याला किती यायला हवेत, हा हिशेब मी घातला आणि गावाच्या अब्रूसाठी गिळून टाकला.

याच भागात क्यूबेकहून आलेला एर्नेस्ट द्यूफो नावाचा एक पोरगा गुरं राखायला शिकला. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने नाव बदललं, विल जेम्स झाला, आणि आपण माँटानात जन्मलेला अस्सल काउबॉय असल्याचं आत्मचरित्र लिहिलं. फ्रेंच मातृभाषा असल्याचा पत्ता वाचकांना लागू दिला नाही. जन्मदाखल्याशिवाय कर्ज नाही असं मी बत्तीस वर्षं का म्हणत होतो, ते यावरून कळावं.

गावाच्या कडेला धान्याचं लाकडी कोठार उभं आहे, ज्याला इथे एलिव्हेटर म्हणतात. अनेक मजल्यांच्या इमारतीएवढं उंच, खिडक्या जवळजवळ नाहीतच. आतून पाहिलं तर भिंत म्हणजे आडव्या फळ्या एकावर एक ठेवून, खिळे ठोकून रचलेली, विटा रचाव्यात तशी. कारण कोठारभर गहू आतून बाहेर रेटतो, उभी फळी त्याच्यापुढे टिकत नाही. फळीला हात लावला तर दाण्यांच्या घसटीने ती गुळगुळीत झालेली, जुन्या पाट्यासारखी. रुळाच्या कडेने दर आठदहा मैलांवर एकेक असं कोठार असायचं, कारण घोड्याची गाडी सकाळी धान्य घेऊन निघाली तर संध्याकाळी घरी परत आली पाहिजे. कोठाराभोवती गाव उठायचं. पुढे लॉऱ्या आल्या, १९९५मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्यातली सरकारी सवलत गेली, फाटे बंद पडले, रूळ उखडले, कोठारं पाडली. जिथे कोठार राहिलं, तिथे ते गावचं देऊळ होऊन राहिलं. फक्त आत देव नाही आणि बडवेही नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

सकाळी गावातले म्हातारे शेतकरी एका टेबलाभोवती कॉफी प्यायला जमतात. याला कॉफी रो म्हणतात, आणि प्रांतातल्या गावोगाव हा प्रकार आहे. पाऊस, भाव, कुणाचा ट्रॅक्टर कुठे रुतला, सरकारला कसं कळत नाही. विषयसूची पाहता मला तो आमच्या गंजगोलाईतला कट्टाच वाटला. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे हे फासे टाकून ठरतं. मी दाराशी उभा होतो. कालचे लाल टोपीवाले तिथे होतेच.

"हवा ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

"कुठून आलात?"

"इंडियातून."

टेबलावरचे फासे थांबले. एक खुर्ची सरकवली गेली. मला वाटलं, काय हा पाहुणचार! मी बसलो आणि बसल्यावर कळलं की ती आरोपीची खुर्ची होती.

त्याचं असं झालं होतं, की आधीच्या नोव्हेंबरात, २०१७ साली, भारत सरकारने आयात वाटाण्यावर पन्नास टक्के ड्यूटी बसवली होती आणि डिसेंबरात मसुरावर तीस टक्के. पंचक्रोशीत त्या दिवशी आलेला मी एकटाच भारतीय. साहजिकच भारत सरकार मीच.

"का केलंत असं?" एकाने विचारलं. आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. सोयऱ्याने लग्नाला बोलावलं नाही की येतं तसं.

मी घसा साफ केला. आमच्याकडे त्या वर्षी कडधान्य उदंड पिकलं, हे सांगितलं. तूर हमीभावाच्या खाली गेली, खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. हमीभाव म्हणजे काय हे समजावताना माझी इंग्रजी आणि सरकारचं धोरण दोन्ही उघडी पडली. मग मी विचारलं, तुमची जमीन किती? लाल टोपीवाले म्हणाले, "मी लहान शेतकरी आहे. चार हजार एकर."

माझ्या हातातली कॉफी हिंदकळली. अडीच एकरवाल्याच्या सातबाऱ्यावर मी आयुष्यभर शिक्के मारले. चार हजार एकरवाला अल्पभूधारक माझ्या कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

पण मग पाऊस किती पडतो ते निघालं. वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही काही बर्फ. लातूरच्या निम्मा. आम्ही २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणलं होतं, हे ऐकून टेबलावर आदर पसरला. या भागाला शेती झेपणार नाही असं कॅप्टन पॅलिसर नावाचा पाहणी करायला आलेला माणूस १८६०च्या सुमारासच सांगून गेला होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. १९३०च्या दशकात माती उडून गेली तेव्हा सगळ्यांना तो आठवला. दुष्काळाच्या गोष्टी सुरू झाल्या आणि माझी सुनावणी आपोआप तहकूब झाली. दोन्हीकडचे लोक आपापली कोरडी सालं एकमेकांसमोर पत्त्यांसारखी टाकत होते.

मसूर इथे जुना नाही. १९७०च्या दशकात सस्कॅटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर काम सुरू केलं आणि १९७८मध्ये 'लेअर्ड' हा वाण दिला. त्याआधी इथे गहू एके गहू. मसुराचं रोप वीतभर, शेंगा जमिनीलगत. कापणीचं यंत्र खालून चालवायचं तर दगड पात्यात जातो. म्हणून पेरणीनंतर शेतावर भलामोठा लोखंडी रूळ फिरवून दगड दाबतात. तरी दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि नवे दगड वर ढकलते. "आमचं सगळ्यांत भरवशाचं पीक," लाल टोपीवाले म्हणाले. "त्यावर ड्यूटी लावा."

"म्हणजे तुमच्याकडच्या शेतकऱ्यालाही परवडत नाही?" कोपऱ्यातले आतापर्यंत गप्प असलेले आजोबा म्हणाले.

"नाही."

"आम्हालाही नाही. मग परवडतं कुणाला?"

उत्तर कुणीच दिलं नाही. कुणीतरी फासे टाकले. कॉफीचे पैसे माझ्यावर आले.

उठताना लाल टोपीवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी गेल्यावर ते ड्यूटीचं तेवढं बघा." आणि बत्तीस वर्षं समोरच्या माणसाला जे सांगत आलो, तेच माझ्या तोंडून गेलं: "वर कळवतो." त्यांचा चेहरा असा काही झाला की मी ओळखलं, त्यांच्या बँकेतही माझ्यासारखा कुणी बसलेला असणार.

तेवढ्यात ताई आली. या गृहस्थांनी पंधरा वर्षं मसूर पिकवला पण त्याचं नेमकं काय करतात हे त्यांना नीट माहीत नाही, हे कळल्यावर तिला राहवेना. घरी कधीमधी सूप होतं, आणि बायको मसूर शिजवून मफिनमध्ये घालते, असं ते म्हणाले.

"मसुराचा केक?" ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली. "अरे, यांना कुणीच सांगितलं नाही का?"

तिने आमटीचा स्टीलचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी दिला, वर झाकणावर बोट ठेवून 'गरम करून' असं खुणेने सांगितलं. बदल्यात एक मफिन मिळाला. तो तिने गाडीत बसून, डोळे मिटून, परीक्षकासारखा खाल्ला. "वाईट नाही," ती म्हणाली, "पण मसुराला कळता कामा नये."

दुपारी गावाला लागून असलेल्या ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात गेलो. उद्यान म्हणजे गवत. झाड दिसलं की भाची गाडी थांबवून दाखवायची. तिथे प्रेअरी डॉग आहेत. काळ्या शेपटीचे हे प्राणी कॅनडात रानात फक्त याच टापूत सापडतात. नावात डॉग, जात खारीची. ताईची फसवणूक झाल्याची भावना शेवटपर्यंत गेली नाही. बिळाच्या तोंडाशी ते मागच्या पायांवर उभे राहून, पुढचे पंजे पोटावर ठेवून, वसुली अधिकाऱ्याची वाट बघणाऱ्या कर्जदारांसारखे टेहळणी करतात. मग मधेच एकजण दोन्ही हात वर फेकून, मान मागे टाकून, किंचाळतो. लगेच शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, असं सगळं गाव उड्या मारतं. थेट 'गणपती बाप्पा' म्हटल्यावर पुढचं 'मोरया' यावं तसं. ताईने हळूच एकदा म्हणूनही पाहिलं. प्रतिसाद मिळाला. योगायोग असेल, पण तिला तसं सांगायची माझी हिंमत नाही.

बायसन लांबून पाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथून नाहीसे झाले होते, २००५मध्ये एल्क आयलंडहून एकाहत्तर आणून पुन्हा वसवले. निदान शंभर मीटर अंतर ठेवा असं सांगतात. ताईने दोनशे ठेवलं. मला मात्र एक दगड लक्षात राहिला. हिमनदीने आणून टाकलेली एकटीच धोंड, कमरेएवढी. तिचे कोपरे इतके झिजलेले की हात लावला तर तेल लावल्यासारखे. बायसनांनी पिढ्यान्‌पिढ्या अंग घासून ती तशी केली, आणि घासताना त्यांच्या खुरांनी तिच्याभोवती खोलगट रिंगण पडलं. आसपास खाजवायला दुसरं काहीच नसलं की एका दगडाची किती किंमत असते! मी इकडेतिकडे बघून पाठ टेकवली. फार बरं वाटलं.

संध्याकाळी सर आली. दहाच मिनिटं, पण तेवढ्यात खडी संपून चिकण मातीचा तुकडा लागला आणि चाकं बसली. इथे या मातीला गंबो म्हणतात. बुटाला एक थर, त्यावर दुसरा, पाच पावलांत माणूस दोन इंचांनी उंच. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमची काळी माती हेच करते. भाची घाबरली होती, मी मात्र गाडीबाहेर येऊन अख्खा हात वर केला आणि शांतपणे उभा राहिलो. वीस मिनिटांत ट्रक आला.

रात्री मुक्कामाच्या जागी पायऱ्यांवर बसलो. कॅनडातल्या सगळ्यांत काळोख्या जागांपैकी ही एक, आणि काळोख राखून ठेवण्यासाठी तिला अधिकृत दर्जा आहे. आमच्याकडे भारनियमनात तो फुकट मिळायचा, पण दर्जा कुणी दिला नाही. लांब, फार लांब, गाडीचे दोन दिवे दिसले.

"कोण असेल रे?" ताई म्हणाली. गावात येऊन दोन दिवसही झाले नव्हते.

दिवे येत राहिले. भाचीचा फोन झाला, माझं पान खाऊन झालं, तरी ते येतच होते. शेवटी ट्रक दारात थांबला. लाल टोपी. हातात आमचा डबा, घासून पुसून लख्ख.

ताईने झाकण उघडलं. आत काठोकाठ जांभळी फळं, इथली सस्कॅटून बेरी, करवंदांच्या भावकीतली वाटावी अशी. तिने माझ्याकडे पाहिलं. डबा रिकामा परत करायचा नसतो हे यांना कुणी शिकवलं, असा प्रश्न त्या नजरेत होता.

"आमटी संपली," लाल टोपीवाले म्हणाले. "बायको विचारतेय, त्यात आंबट काय होतं?"

"चिंच," भाची म्हणाली आणि चिंच म्हणजे काय ते सांगायला लागली. ते ऐकून ते ट्रककडे वळले, दार उघडलं, पुन्हा थांबले.

"आणि ते ड्यूटीचं?"

"वर कळवतो," मी म्हणालो.

ताईने मान उचलून वर पाहिलं.